दहा लाख एक

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्याचं श्रेय जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना. फळ्यावरचं त्यांचं गणित चुकलं आणि एखाद्या पोरानं ते दाखवलं, तर गुरुजी फळा पुसून त्यालाच खडू देत. शिकलेली माणसं अशीच असतात, अशा समजुतीनं मी शहरात आलो आणि गुलमंडीजवळच्या एका क्लासमध्ये गणित शिकवू लागलो.

तिथले संचालक भर उन्हाळ्यात कोट घालत. चौकाचौकात त्यांचे फ्लेक्स: हाताची घडी, मागं समीकरणं. त्यातलं एक समीकरण चुकीचं होतं. त्यांच्या हातात गणिताचं पुस्तक मी कधी पाहिलं नाही.

यंदा त्यांनी मोफत बॅचसाठी परीक्षा घेतली. एक प्रश्न त्यांनी स्वतः काढला होता: दहा लाख एक ही मूळ संख्या आहे का? त्यांच्या मते आहे. एका मुलीनं 'नाही' लिहिलं आणि एका मार्कानं तिची जागा गेली. वडील शेंद्र्याला कंपनीत कामाला. फी त्यांच्या आवाक्याबाहेरची. बापलेक केबिनमध्ये आले तेव्हा मलाही बोलावलं.

मुलीनं कागद पुढं केला. नऊ हजार नऊशे एक गुणिले एकशे एक. पहिल्या संख्येवर दोन शून्यं द्यायची, त्यात तीच संख्या एकदा मिळवायची. दहा लाख एक येतात. पाचवीतलं पोर करील.

संचालकांनी कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. दोनपासून एकोणीसपर्यंत कशानंच भाग जात नाही, म्हणजे मूळ, असा त्यांचा निकाल. एकोणीसलाच का थांबायचं, हे त्यांना ठाऊक नसावं. पाढे बहुधा तिथवरच पाठ होते.

मी म्हणालो, "सर, एकशे एकनं जाते."

"एकशे एक लग्नाच्या पाकिटात घालतात, सर."

स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसले. मग उदार झाले. उत्तर बदललं तर सगळी यादी फिरेल, तेव्हा ते बदलायचं नाही. पण माणुसकी म्हणून मुलीला जागा देऊ, फक्त फ्लेक्ससाठी एक फोटो काढू.

वडिलांनी मुलीकडं पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

"मेहेरबानी नको, साहेब. तिचा मार्क द्या."

"मार्क मिळणार नाही."

"मग राहू द्या."

ते जिन्यात पोचतात न पोचतात तोच संचालक म्हणाले, लई माज आहे. फोटोसाठी दुसरं कोणी गरीब बघा. फोटोचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं होतं.

मी उठलो आणि जिना उतरून बापलेकांना रस्त्यावर गाठलं. दर रविवारी तुमच्या घरी येऊन शिकवीन, म्हणालो.

मुलीनं विचारलं, "ही पण मेहेरबानीच का, सर?"

"नाही. परीक्षेत तू ती जागा मिळवली होतीस, म्हणून."

तिनं वडिलांकडं पाहिलं. ते म्हणाले, "या मग रविवारी."