पालखीचा उजवा खांदा

उरणच्या अलीकडे खाडीच्या काठाला एक गाव आहे. तिथल्या देवीच्या पालखीला चार घरांचा मान, आणि पुढचा उजवा खांदा बुधाजीच्या घराचा. घरातल्या कर्त्यानं तो द्यायचा, आणि पुढं कधीतरी चालत्या पालखीत स्वतःच्या हातानं दांडी मुलाच्या खांद्यावर ठेवायची, अशी रीत. कर्ता एखाद्या वर्षी घरी बसला तर मान भावकीत जातो. गेलेला मान परत आल्याचं गावात कुणाला आठवत नाही.

बुधाजीचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. मिठागर भरावाखाली गेलं तेव्हा मुलानं, दिपेशनं, बंदरात कंटेनर वाहायला ट्रेलर घेतला आणि बुधाजी ओटीवर बसला. बसल्या बसल्या तो रुंद होत गेला. दिवाळीनंतर एकदा बाजारात त्याला गरगरलं. दवाखान्यात भाविका नावाची तरुण डॉक्टर होती, कमळच्या मते नुकती शाळेतून सुटलेली. कमळ म्हणजे बुधाजीची बायको. डॉक्टरनं दोनदा ब्लड प्रेशर मोजलं आणि गोळी लिहून दिली. वजन उतरवा, तळलेलं बंद करा, मीठ कमी करा, मासळी खा, ती चांगली, असं सांगितलं. बुधाजीनं चैत्रातल्या पालखीचं विचारलं. अशा प्रेशरवर उन्हात एवढं ओझं उचलायचं नाही, ती म्हणाली. चैत्रापर्यंत खाली आलं तर बघू.

चुलतभाऊ सदूच्या कानावर हे त्याच दिवशी गेलं. तो संध्याकाळी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "तू काळजी करू नको बुधा. मी हाय ना."

बुधाजीला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरचा स्वयंपाक सून रुचिकानं हातात घेतला. भाताचा डोंगर जाऊन टेकडी आली. दुधी, घोसाळी, शेवग्याच्या शेंगा, मोडाचे वाल. तेल पळीऐवजी चमच्यानं. बुधाजीच्या पानापुरतं मीठ बंदच. बुधाजी जेवायचा, तोंड पुसायचा आणि उठायचा. सकाळी बंधाऱ्यावरून चालून यायचा. होळीपर्यंत त्याचे सदरे दुसऱ्याचे मागून आणल्यासारखे दिसायला लागले.

आमच्याकडं माणूस बारीक झाला की तो आजारी असतो. लोक भेटायला येऊ लागले. कुणी बिस्किटाचे पुडे आणले, कुणी शहाळी. एक म्हातारी त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली आणि जाताना कमळला म्हणाली, धीर धर. बुधाजीनं तिला बंधाऱ्यापर्यंत सोडलं आणि परत आला, तिला दम लागला होता, त्याला नाही.

पण प्रेशर उतरेना. वजन उतरलं, गोळी चुकली नाही, यंत्रातला आकडा मात्र जागचा हलेना. डॉक्टरनं गोळी बदलली. तरी तेच. चैत्र तोंडावर आला तेव्हा तिनं बुधाजी, कमळ आणि रुचिकाला समोर बसवलं आणि काय काय खाता ते सकाळपासून सांगायला लावलं. रुचिकानं सगळं सांगितलं. मिठाचा कण नसतो, तिनं देवीची शपथ घेतली.

"मग अळणी भाजी घशाखाली उतरते कशी, काका?"

"तोंडी लावायला मासळी असते," बुधाजी म्हणाला. "तुम्हीच सांगितलीत."

"कुठली मासळी?"

"खारा बांगडा. भाजून. दोन्ही वेळेला."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. खारा बांगडा करतात कसा, तिनं कमळला विचारलं. कमळनं आनंदानं सांगितलं: बरणीत एक थर मासळीचा, एक थर मिठाचा, वर दगड.

"मग ते मीठच खातायत ना हे."

"ते मीठ मासळीनं खाल्लं," कमळ म्हणाली. "यांनी न्हाय."

बुधाजीलाही हेच वाटत होतं. जन्मभर त्यानं मीठ फावड्यानं ओढलं होतं. मीठ म्हणजे पांढरं, ढिगातलं, नाहीतर डब्यातलं. मासळी ही मासळी.

घरी आल्यावर कमळनं बरणी माहेरी पाठवली. त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बुधाजी पानावर बसायचा आणि भाजीकडं नुसता बघायचा. रुचिकानं लिंबू पिळून पाहिलं, लसूण वाढवला, आलं वाढवलं, ताज्या मासळीचं कालवण कैरी घालून केलं. बुधाजी म्हणायचा, चांगलं झालंय, आणि अर्धं ठेवायचा. सदूनं मधल्या काळात यात्रेसाठी स्वतःला नवीन धोतर घेतलं होतं. आकडा मात्र हळूहळू खाली आला. यात्रेच्या आदल्या दिवशी डॉक्टरनं तीनदा मोजलं आणि म्हणाली, सकाळच्या थंडाव्यात, देवळापासून तळ्यापर्यंत. पुढं नाही.

पालखी निघाली. सदू नव्या धोतरात बाजूनं चालत होता, अगदी हाताच्या अंतरावर. बुधाजीनं दांडी घेतली आणि त्याला पहिल्यांदा कळलं की खांद्यावरचं मांसही गेलंय. दांडी सरळ हाडावर बसली. तो पावलं टाकत राहिला. तळं आलं तेव्हा सदू पुढं सरकला.

"दिपेश," बुधाजी म्हणाला, "ये इकडं."

त्यानं चालता चालता दांडी मुलाच्या खांद्यावर ठेवली आणि बाजूला झाला. सदूनं धोतराचा सोगा झटकला आणि भजनवाल्यांत मिसळला.

दिपेश उभ्या बांध्याचा, पण बंदराच्या रांगेत दिवस दिवस ट्रेलरमध्ये बसून वडापाव खाणारा. तळ्यापुढं पालखी घरोघरच्या अंगणात थांबत जाते; तिसऱ्या अंगणातच त्याचा चेहरा लाल झाला, पाचव्यात तो धापा टाकायला लागला. बुधाजी मागून चालत ते बघत होता. पालखी देवळात परत येईतो त्यानं नजर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुचिकानं बाप-लेकांची पानं सारखीच वाढली. दिपेशनं एक घास खाल्ला आणि बापाकडं पाहिलं.

"खा," बुधाजी म्हणाला. "महिनाभर चव लागत न्हाय. मग लागते."