भाकरी सोडलेला दारूबंदीवाला

आता काय सांगू तुम्हाला! आमच्या गावची दारूबंदी माझ्यामुळे झाली, हे मी छाती फुगवून सांगतो. कशी झाली, ते सांगताना मात्र मान खाली घालावी लागते.

केंदूरच्या अलीकडचं आमचं गाव. दोन हजार साल नुकतंच उलटलेलं. बायकांचं मतदान ठरलं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवी जिंकली की दारूचं दुकान बंद! प्रचाराचा पुढारी मी. पण पोट एवढं सुटलेलं, की जाकिटाची बटणं लागेनात. पुढाऱ्याला शोभतं का हे?

रांजणगावच्या कंपनीतला दोस्त म्हणाला, "भाकरी, भात, डाळ, साखर बंद! अंडी, मटण, लोणी हाण. पोट गायब."

हाणलं की! बायको मंगल ओरडायची, "आवो, ताटात समदं थोडं थोडं असावं. निस्तं लोणी खाऊन माणूस जगतो व्हय?"

मी कुणाचं ऐकतोय! तिसऱ्या आठवड्यात जाकीट लागलं. डोकं मात्र गरगरायचं, आणि तोंडाला कसला तरी गोडूस, उग्र वास मारायचा.

मतदानाच्या आदल्या दिवशी सभा. समोर गावातल्या झाडून साऱ्या बायका. मी गरजलो, "बायांनो, दारू माणसाची पार माती करते!" आणि तिथंच झोकांडी गेली. माईकला लटकलो.

पहिल्या रांगेतल्या शेजारच्या पारूआत्या सावरायला धावल्या. माझ्या तोंडाजवळ आल्या आणि किंचाळल्या, "आगं बया! ह्यो तर पिऊन आलाय!"

"आत्या, मी भाकरी सोडलीय!"

"भाकरी सोडून पितोस व्हय रं, मुडद्या?"

मंगलनं मला जीपमध्ये घालून शिरूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "थेंबही घेतलेला नाही यांनी. भाकरी, भात, साखर सगळंच तोडलं की शरीर चरबी जाळायला लागतं. मग असा वास येतो, चक्करही येते. भाकरी, डाळ, भाजी खा नीट, आणि पोट हळूहळू उतरू द्या."

दोन दिवस सलाईनवर होतो. मंगल तेवढी मत देऊन आली. घरी परतलो, तर आडवी बाटली दणक्यात जिंकलेली! मला तर आभाळ ठेंगणं झालं. तडक पारूआत्यांकडे गेलो.

"बघा आत्या! माझ्या भाषणानं गाव सुधारलं."

"भाषान कोण ऐकतंय?" आत्या म्हणाल्या. "मंगल सांगत हुती, त्येंनी लोणीच खाल्लंय म्हनून. पर नवऱ्याला कोण बाई पाठीशी घालत न्हाई? समद्या म्हनाल्या, दारूबंदीवालाच असा झुलतोय, तर आपल्या दादल्यांचं काय? मारा शिक्का आडवीवर!"