बिनकोळशाची इस्त्री

धरमपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाला ठेला लावतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना तो मान वर करत नाही. पाणी शिंपडतो, तळहातानं सुरकुती सारखी करतो, मग कोळशाची जड इस्त्री फिरवतो.

अल्झायमर झालेले माझे बाबा रोज सकाळी त्याच्याकडे तोच पांढरा शर्ट नेतात, कालच इस्त्री केलेला. आपण शाळेतून कधीच निवृत्त झालो, हे त्यांना आठवत नाही. एकदा वैतागून मी मागोमाग गेलो. बाबा बाकावर वाट पाहत बसले होते. मी इस्त्रीवाल्याला हळूच म्हणालो, "शर्ट घेऊ नका. स्पष्ट सांगा त्यांना."

"सांगून पाह्यलं जी एकदा. दिवसभर इथंच मान खाली घालून बसले होते गुरुजी."

त्यानं ठेल्याखालून दुसरी इस्त्री काढली आणि माझा हात धरून तिला लावला. ती थंड होती. आत कोळसेच नव्हते.

"रोज गरम फिरवली तर कापड जळते," तो म्हणाला, "अन् त्यायले तं शाळेत जा लागते."

दुसऱ्या दिवशी तो शर्ट मीच बाबांच्या हातात दिला. म्हणालो, "लवकर निघा, शाळेला उशीर होईल."