जुन्या फाटकाजवळचा पूल

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकही वर्ग शिकवला नव्हता. तरुणपणी ते आमदारांच्या कचेरीत लिहिण्याच्या कामावर लागले, तेव्हा त्यांचं अक्षर पाहून कुणीतरी त्यांना मास्तर म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे टाइपरायटर आला, मग संगणक आला, अक्षराला कुणी विचारेना. नाव मात्र राहिलं. घरी बायकोसुद्धा मास्तरच म्हणायची, फक्त तिच्या तोंडी त्या शब्दाला जरा धार असायची.

कचेरी सायकलच्या दुकानावर होती. आतल्या खोलीत साहेब, म्हणजे आमदार, आणि बाहेरच्या खोलीत मास्तर, दोन लोखंडी कपाटं, एक लांब बाक आणि खालून येणारा वंगणाचा वास. मंगळवार हा लोकांना भेटण्याचा दिवस. माणूस जिना चढून आला की त्याने तोंड उघडायच्या आत मास्तर ओळखायचे. कागद छातीशी धरलेला असला तर पहिल्यांदा आलाय, पिशवीत असला तर तिसऱ्यांदा, आणि हात रिकामे असले तर भांडायला आलाय.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. तिसऱ्यांदा निवडून आले होते. दिलेला शब्द डायरीत लिहून ठेवायचे आणि डायरी सापडली नाही की मास्तरांना विचारायचे. सारा मतदारसंघ मास्तरांच्या डोक्यात होता असं लोक म्हणत. मास्तरांनाही तसंच वाटे, आणि तिथेच पुढे घात झाला.

काचेच्या कारखान्यामागे कामगारांची वसाहत होती. वसाहत आणि गाव यांच्या मधून मालगाड्यांचा मार्ग जायचा. पूर्वी तिथे फाटक होतं, फाटकवाला होता. पुढे रेल्वेने फाटक बंद केलं, दोन्ही बाजूंना भिंत घातली. भिंतीला लोकांनी दुसऱ्याच महिन्यात भगदाड पाडलं. दवाखाना, शाळा, बाजार, सगळं रुळांपलीकडे. माणसं भगदाडातून वाकून जायची, रूळ ओलांडायची आणि पलीकडच्या भगदाडातून बाहेर पडायची.

तिथे पायी जाणाऱ्यांसाठी पूल हवा, असा अर्ज घेऊन एक बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिचे केस काळे होते. कारखान्यात बाटल्या गवतात गुंडाळून खोक्यात भरायचं काम करायची. बोटांवर बारीक चिरा. नवरा नव्हता, घरी एकटा बाप. बापाने भट्टीवर तीस वर्षं काढली होती आणि त्या घरघराटात दोन्ही कान गेले होते. डोळ्यांत औषध घालून घ्यायला तो रोज सकाळी दवाखान्यात जायचा. स्वतःचा स्वतः.

"घरी घाला ना औषध," मास्तर तेव्हा म्हणाले होते.

"मी सहाला कामावर जाते. आणि त्यांच्या हाताला कंप आहे, अर्धं औषध गालावर जातं," ती म्हणाली. "शिवाय तिथली नर्स त्यांच्याशी खुणांनी बोलते. दिवसभरात तेवढंच कुणी बोलतं त्यांच्याशी."

मास्तरांनी अर्ज लिहून दिला. त्यानंतर नऊ वर्षं ती येत राहिली. दर मंगळवारी नाही, पण महिन्यातून एकदा नक्की. बाकावर टोकाला बसायची, पाळी आली की उठून एवढंच विचारायची, "मास्तर, आपल्या पुलाचं?" आणि मास्तर सांगायचे ते ऐकून जिना उतरायची. तिने कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना नंतर पुष्कळदा वाटलं.

साहेबांनी काम केलं नाही असं म्हणता यायचं नाही. पत्रं गेली, स्मरणपत्रं गेली. विधानसभेत प्रश्न गेला, तोही मास्तरांनीच लिहिलेला. छापील उत्तर आलं: सदर ठिकाणी नागरिक रूळ ओलांडतात हे खरे आहे काय? अंशतः खरे आहे. पूल बांधण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली? बाब तपासून पाहण्यात येत आहे. नसल्यास विलंबाची कारणे काय? प्रश्न उद्भवत नाही. मास्तरांनी ते बाईला वाचून दाखवलं. तिने शांतपणे विचारलं, "अंशतः म्हणजे? आम्ही अर्धेच ओलांडतो का?" साहेब आतून हसले. मास्तरांनाही हसू आलं. ती हसली नाही.

सातव्या वर्षी साहेबांनी हट्टच धरला. अधिकाऱ्यांच्या दारात स्वतः जाऊन बसले, एकदा तर बाहेरच्या खुर्चीवर तीन तास. शेवटी आठव्या वर्षी मंजुरी आली. मास्तरांनी आपल्या हाताने अंतिम पत्र तयार केलं. त्यात जागा लिहिली: जुन्या फाटकाजवळ. वसाहतीतली माणसं तसंच म्हणत. बाईच्या पहिल्या अर्जातही तेच शब्द होते.

दोन महिन्यांनी, मंगळवारीच, फोन वाजला. समोर चाळीस माणसं. एक म्हातारा दाखल्यासाठी हुज्जत घालत होता. आतून साहेब कुठलातरी कागद मागत होते. फोनवर पुलाच्या खात्याचा अभियंता होता.

"ते जुनं फाटक म्हणजे नकाशात दाखवलंय तेच ना?"

"हो, तेच," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

नकाशा त्यांनी पाहिला नव्हता. सरकारी नकाशात 'जुने फाटक' म्हणून एक ठिकाण होतं खरं, पण ते लाकडाच्या वखारीपाशी, वसाहतीपासून दीड मैल पुढे. पन्नास वर्षांपूर्वी बंद झालेलं. आता तिथे वखार, बाभळी आणि ओसाड माळ. ते फाटक गावात कुणाच्या आठवणीत उरलं नव्हतं, मास्तरांच्याही नाही. फक्त नकाशाच्या ते लक्षात होतं.

पावसाळा सरल्यावर बाई आली, ती रिकाम्या हातांनी. बाकावर न बसता सरळ टेबलाशी आली.

"मास्तर, वखारीपाशी खांब उभे राहतायत. तो आपला पूल आहे का?"

"छे, तो दुसरा कुठला असेल," मास्तर म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी फाइल काढली. मग दारावर 'येतो' अशी चिठ्ठी लावून ते पायीच वखारीपर्यंत गेले. चार खांब उभे होते. कामावरच्या मुकादमाने त्यांना फलक दाखवला. फलकावर साहेबांचं नाव होतं, आणि खाली मास्तरांचेच शब्द.

त्या रात्री त्यांनी भरलेलं ताट तसंच पुढे सरकवलं. बायको म्हणाली, "काय झालंय?" त्यांनी सांगितलं. तिने ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "साहेबांना सांगा. उद्याच." तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती, त्यामुळे मास्तरांना जास्तच भीती वाटली.

साहेबांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. दोनदा खात्यात जाऊन आले. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: जागा बदलायची तर मंजुरी रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?" साहेब म्हणाले. "आहे तो पूर्ण होऊ द्या. मग वसाहतीसाठी दुसरा मागू."

"पण लोकांना काय सांगायचं, साहेब?"

"तांत्रिक कारण." साहेबांनी चष्मा पुसला. "आणि फोनचं कुणाजवळ बोलू नका. चार महिन्यांवर निवडणूक आहे. हे माझ्यासाठी म्हणतोय असं समजू नका. तुम्हाला लोक जगू देणार नाहीत."

मास्तरांनी मान हलवली. पुढच्या मंगळवारी बाईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तांत्रिक कारणं आहेत, ताई. दुसऱ्या पुलाचं बघतोय." ती क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली आणि जिना उतरून गेली.

पुलाचं उद्घाटन झालं. साहेबांनी फीत कापली, फोटो निघाले. त्यानंतर पुलावर वखारीतली कुत्री उन्हाला झोपू लागली. साहेब चौथ्यांदा निवडून आले.

थंडीत, धुकं दाट असलेल्या एका सकाळी बाईचे वडील, भट्टीवाले आजोबा, दवाखान्यात निघाले आणि भगदाडातून वाकून रुळांवर गेले. गाडीच्या चालकाने शिटी वाजवली होती, बराच वेळ वाजवत होता, असं त्याने जबाबात लिहून दिलं. ते खरंच असणार. वसाहतीतल्या सगळ्यांनी शिटी ऐकली होती.

शोकपत्र लिहायचं काम मास्तरांकडेच आलं. अशी पत्रं त्यांनी शेकड्याने लिहिली होती, मजकूर ठरलेला असायचा. त्या दिवशी त्यांनी तीनदा कागद बदलला. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "पोस्टाने पाठवा." मास्तर पत्र घेऊन स्वतः गेले.

एका खोलीचं घर. भिंतीशी खाट, खाटेवर घडी घातलेली चादर, खिडकीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. बाई जमिनीवर बसली होती. शेजारची एक वहिनी चहा ठेवून निघून गेली. मास्तरांनी पत्र दिलं. तिने न उघडता मांडीवर ठेवलं.

"ताई, एक सांगायचंय," मास्तर म्हणाले. "तांत्रिक कारण वगैरे काही नव्हतं. मला फोन आला होता, जागा कुठली म्हणून. नकाशा न बघता मी हो म्हणालो. पूल माझ्यामुळे तिकडे गेला."

बाहेर नळावर भांड्यांचा आवाज होत होता.

"साहेबांना माहीत आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

"खांब उभे होते तेव्हापासून."

तिने मान हलवली, हिशेब लागल्यासारखी. "पूल असता तरी बाबा पायऱ्या चढले असते का, देव जाणे. गुडघे दुखायचे त्यांचे. आळस केला असता आणि खालूनच गेले असते, असंही होऊ शकतं." ती थांबली. "पण मग मी त्यांना बोल लावला असता. आता कुणाला लावू? तुम्ही इथे येऊन बसलात, चहा पिताय. तुम्हालाही धड बोल लावता येत नाही मला."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"माफ कर म्हणायला आला असाल तर मला ते आत्ता जमणार नाही," ती म्हणाली. "पुढे जमेल की नाही, तेही सांगता येत नाही. जा तुम्ही आता."

मास्तरांनी मग कधी नव्हे ते स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं. चूक आपली आहे, फोनवरचं उत्तर आपण दिलं, वसाहतीला दुसरा पूल द्यावा. साहेबांनी ते वाचलं, दोनदा वाचलं आणि शेवटी सोबत आपलंही शिफारसपत्र जोडलं. सहा महिन्यांनी उत्तर आलं. सदर मार्गावर नुकताच पूल बांधण्यात आला असल्याने दुसऱ्या पुलाची आवश्यकता दिसून येत नाही.

तेव्हापासून मास्तरांना एक खोड लागली. कुठल्याही अर्जात जागेचा उल्लेख आला की ते स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय पत्र लिहीनात. गटार असो, दिव्याचा खांब असो, पायपीट करत जायचे. कागद साचू लागले. लोक कुरकुरू लागले, मास्तर आता थकले म्हणाले. साहेबांनी संगणकावर एक चटपटीत मुलगी नेमली आणि मास्तरांना बाकाजवळ छोटं टेबल दिलं, अर्ज भरायला मदत करण्यासाठी. मास्तरांनी तक्रार केली नाही.

त्याच टेबलाशी, दीड वर्षाने, बाई आली. आता केस जवळजवळ पांढरे. दुसऱ्या गावच्या कारखान्यात काम मिळालं होतं, घर सोडून जायचं होतं, त्यासाठी रहिवासाचा दाखला हवा होता.

"बसा," मास्तर म्हणाले. त्यांनी अर्ज लिहायला घेतला. पूर्ण झाल्यावर कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने तो उचलला आणि ओठ हलवत, बोट ठेवून, एकेक शब्द वाचला. नाव, वय, वसाहत, गल्ली. मागे रांग खोळंबली होती, कुणीतरी घसा खाकरला. ती शेवटपर्यंत पोचली आणि पुन्हा वरून वाचायला लागली. मास्तर हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"घराचा नंबर चुकलाय," ती म्हणाली. "सतरा नाही. एकाहत्तर."

मास्तरांनी नवा कागद घेतला.