शामियान्यातली खुर्ची

माझी नात हैदराबादेत, मलकपेठेत माझ्याकडे राहून कॉलेजात शिकते. सकाळी तिला हाका मी मारते, अंबाडीची भाजी तिच्या जिभेला रुचेल तशी मी करते, आणि कॉलेजात खुर्चीवर बसायला तिनं बोलावलं कुणाला, तर हिमायतनगरच्या माझ्या धाकट्या जावेला. आता बोला.

झालं असं, की तिच्या इतिहासाच्या बाईंनी यंदाचे खेळ एकोणिसाव्या शतकातल्यासारखे करायचं ठरवलं. त्या काळी कॉलेजची पोरं धोतराचा काचा मारून अनवाणी पळायची, पोत्यात पाय घालून उड्या मारायची, रस्सी ओढायची, अगदी तसंच. मुली तेव्हा कॉलेजात कुठल्या? म्हणून पोरींनीही मिशा लावून पळायचं. बायकांचं काम एकच, शामियान्यात बसायचं आणि शेवटी बक्षिसं द्यायची. त्यासाठी नऊवारीतली एक आजी हवी होती.

मी माझं लुगडं कपाटातून काढूनही ठेवलं होतं. नात म्हणाली, "आजी, तू परेशान होऊ नको. छोट्या आजीला विचारलंय. तिथं इंग्लिशमध्ये दोन शब्द बोलायचेत. आणि ती कॉलेजात पळायची ना."

"हौ, पळायची," मी म्हटलं. मी चौथीत शाळा सोडली, पुढचं सगळं मुलांच्या पुस्तकांवरून शिकले. पण खुर्चीवर बसायला किती शिकावं लागतं, तुम्हीच सांगा.

गंमत पुढंच आहे. जावेला नऊवारी नेसता येईना. आली माझ्याच दारात. "ताई, तुम्हीच नेसवा हो. आणि लुगडंही तुमचंच द्या, माझ्याकडे कुठलं असणार?"

आतून जळत होते, पण हात काही वाईट नेसवेनात. निऱ्या बसवल्या, काष्टा ओढून मागे खोचला.

"फार घट्ट झालं ताई."

"मग बैस गप. बसायलाच चाललीयेस ना?"

मैदानात ती शामियान्यात, माझ्या लुगड्यात, आणि मी बाहेर उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर. नात मिशी लावून पळाली. अर्ध्या वाटेत मिशी तोंडात गेली, ती थुंकेपर्यंत सगळे पुढं निघून गेले. शेवटी बाईंनी माइकवर सांगितलं, आता ज्याला वाटेल त्यानं पळावं. आणि माझी जाऊ उठली. सत्तरीची बाई. चपला खुर्चीखाली सारल्या आणि पळत सुटली. पहिली नाही आली, पण टाळ्या सगळ्या तिलाच. लुगड्याची एक निरी हलली नाही. "छोटी आजी, छोटी आजी" करून माझ्या नातीचा घसा बसला. मी टाळ्या वाजवल्या, दोन बोटांनी.

धापा टाकत जाऊ माझ्याशेजारी येऊन बसली. "तिथं बसून पोरींना पळताना बघवेना हो ताई. जीव नुसता जळत होता."

खरं सांगते, मला बरं वाटलं. खुर्ची मिळूनही जळता येतं तर.

घरी आल्यावर नात म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी मलापण असंच नेसव. सुटलंच नाही गं."

"आणि खुर्चीवर कोण?"

"छोटी आजीच," मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणाली. "बाईंनी सांगूनपण टाकलं तिला."

लुगडं धुऊन परत आलं. दुपारी घरात कुणी नव्हतं. ते नेसले, काष्टा घट्ट ओढला, गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीपासून तुळशीपर्यंत पळाले. गुडघा धरून खाली आले आणि जावेला फोन लावला.

"खुर्ची तुझ्याकडेच राहू दे."

"का हो ताई?"

"मी पळणार आहे."

ती हसली. म्हणाली, "मग मीही पळते की तुमच्याबरोबर."

"पळ," मी म्हटलं. "नेसवणार कोण तुला, ते बघ आधी."