माझ्या तोंडून गेलेला ळ

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. दोनदा सुरुवात केली, दोनदा कागद फाडले. या सदरात येणारे अनुभव मी नेहमी वाचतो. बहुतेकांत भीती असते. माझ्या अनुभवात भीती फारशी नाही, लाजच आहे... म्हणून हात अडत होता.

आधीच सांगतो, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी मराठीचा शिक्षक. शाळेत कुणी पोरगं अंगात येण्याच्या गोष्टी सांगू लागलं, की त्याला उभं करून प्रश्न विचारून गप्प करणारा मीच.

डहाणूहून तलासरीकडे जाताना आमची शाळा लागते. नाव देत नाही. तिथे दरवर्षी जुलैत विद्यार्थ्यांची मंडळं स्थापन व्हायची — विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ, क्रीडा मंडळ आणि माझ्याकडे असलेलं वाङ्मय मंडळ. मुलंच मतदान करून चिटणीस निवडत. वर्षभर भित्तिपत्रक, वक्तृत्व, कवितांचं हस्तलिखित असं चालायचं. हिवाळ्यात स्नेहसंमेलन. त्यात प्रत्येक मंडळाचा चिटणीस पाहुण्यांसमोर माइकवर उभा राहून आपलं नाव सांगायचा आणि वर्षभरात मंडळानं काय केलं ते बोलायचा. मुलांच्या दृष्टीनं हा मोठा मान.

२०१६ साली वाङ्मय मंडळाची चिटणीस झाली कमली. नववीतली, पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. बुजरी नव्हती. त्या वर्षीचं भित्तिपत्रक तिनं पाड्यावरच्या म्हाताऱ्यांकडून गोळा केलेल्या कोड्यांनी भरून टाकलं होतं. मधल्या सुट्टीत मुलं त्यापुढे रेटारेटी करायची. मी मंडळ सांभाळत होतो तेवढ्या काळात भित्तिपत्रक कुणी वाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिचं नाव दाखल्यावर मात्र 'कमळी' होतं. पाचवीत प्रवेशाच्या वेळी आईनं 'कमली' सांगितलं आणि मी ते शुद्ध करून लिहिलं. आमच्या भागात पुष्कळ लोकांच्या बोलण्यात ळ नाही. डोळ्याला डोला म्हणतात, शाळेला शाला.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. हॉल मुलांनी भरलेला. कमली माइकपाशी आली आणि म्हणाली, "माजा नाव कमली. मी आपल्या शालेच्या वाङ्मय मंडलाची चिटणीस."

मी खालूनच ओरडलो, "कमळी! नाव कमळी आहे तुझं."

"नाय सर, माजा नाव कमलीच हं. आय पन कमलीच बोलते."

मुलं हसली. ती मला हसली असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे पाहुणे येणार होते, मी आधीच चिडलेलो होतो. वर गेलो.

"म्हण, शाळा."

"शाला."

"जीभ वळव जरा. शा-ळा."

"शा... ला."

मग मी माइक हातात घेतला आणि तिच्यासारखा आवाज काढून म्हणालो, "माजी शाला, माजा फला, माजा मला!" हॉल हसून कोसळला. मला चेव आला. म्हणालो, "जिला स्वतःचं नाव म्हणता येत नाही, ती मंडळाचं काय सांगणार? बस खाली. उद्या मी बोलेन."

ती रडली नाही. माइकची वायर पायात येऊ नये म्हणून उचलून धरली, ती ओलांडली आणि जाऊन बसली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मी शाळेत कुणालाच सांगितली नव्हती. मी चिंचणीचा. माझी आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायची आणि तीही शालाच म्हणायची. मीही म्हणायचो. अध्यापक विद्यालयात एका सरांनी माझी अशीच नक्कल केली होती. त्यानंतर खोलीत आरशासमोर उभा राहून मी ळ शिकलो. पुढे माझे उच्चार इतके स्वच्छ झाले, की प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडेच यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संमेलन. पालकांत कमलीची आई बसलेली, नवं लुगडं नेसून. मुलगी बोलणार म्हणून पाड्यावरून आली होती. ती बोलणार नाही हे तिला कुणी सांगितलंच नसावं. कमली तिच्या शेजारी बसली होती.

माझी पाळी आली. घसा ठीक, तब्येत ठीक. "मान्यवर पाहुणे, पालक आणि विद्यार्थी मित्रहो" इथपर्यंत नीट गेलं. मग म्हणालो, "आपल्या शालेच्या वाङ्मय मंडलानं यंदा..."

मुलांचा हशा उसळला.

मला वाटलं, कालचंच डोक्यात घोळतंय म्हणून जीभ घसरली. पुन्हा म्हणालो, सावकाश... "शाला." जीभ टाळूला लागत होती, वळत होती, पण बाहेर ल-च येत होता. मुलं बाकं बडवायला लागली. त्यांना वाटलं, सर पुन्हा कमलीची नक्कल करताहेत. पाहुणेही हसले. कमली उठली, आईच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि दोघी मधल्या वाटेनं बाहेर गेल्या. आईला काय झालं ते कळलं नव्हतं. ती जाता जाता वळून मला नमस्कार करून गेली.

मी कसंबसं संपवलं. खाली आल्यावर मुख्याध्यापकांनी पाठीवर थाप मारली. "काय सर, हुबेहूब नक्कल! पाहुणे खूश."

'ती नक्कल नव्हती' असं मी म्हणायला हवं होतं. मी हसलो.

कमली त्यानंतर शाळेत आली नाही. नंतर कळलं, नाव काढून घेतलं. मी पाड्यावर गेलो नाही.

आणि ळ परत आला नाही. डहाणूतल्या डॉक्टरांनी वापीला पाठवलं, तिथे मेंदूचा फोटो काढला. सगळं ठीक. ट, ड, ण सगळे येत होते. "एकच अक्षर जाईल असा आजार माझ्या तरी माहितीत नाही," डॉक्टर म्हणाले. शाळेत मी फळ्याला बोर्ड, वेळेला टाइम, मंडळाला क्लब म्हणायला लागलो. पोरं म्हणायची, "सर इंग्लिश मीडियमचे झाले!" केळीवाल्यासमोर मी बोट दाखवायचो.

यापुढचं कुणाला पटेल असं नाही. जरा धीर यावा म्हणून मी आदल्या वर्षीच्या संमेलनाची सीडी लावली. त्यात मी सूत्रसंचालन करतो आहे, ळ अगदी स्वच्छ — हे मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. बायको शेजारी बसली होती.

सीडीत मी म्हणालो, "आपल्या शालेचा हा सोहला..."

मी मागे नेऊन पुन्हा लावली. शाला. सोहला. त्याच सीडीत लगेच मुख्याध्यापक बोलले, त्यांचा ळ जागच्या जागी.

"अहो, असं कधीच बोलत नव्हता तुम्ही," बायको म्हणाली आणि उठून तिनं टीव्ही बंद केला. ती सीडी आजही घरात आहे. आम्ही दोघांनीही पुन्हा लावलेली नाही. मी आधीपासून तसंच बोलत होतो आणि कुणालाच ऐकू येत नव्हतं? की झालेलं बोलणंसुद्धा मागे जाऊन बदलतं? मला अजून ठाऊक नाही.

२०१८ ला मी निवृत्त झालो. पुढच्या वर्षी कळलं, कमली घोलवडला एका वाडीत चिकू निवडून खोक्यांत भरायचं काम करते. मी जायचं ठरवलं. वाक्यं तयार केली, एकाही शब्दात ळ येणार नाही अशी. 'मी चुकलो. ती नक्कल नव्हती. मला माफ कर.' बसमध्ये पुटपुटत गेलो. पक्की झाली.

शेडमध्ये बायका चिकूंच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. ती पाठमोरी होती, पण मी ओळखली. हाक मारली — आणि तेव्हा लक्षात आलं, हाकेचा विचार मी केलाच नव्हता. दाखल्यावरचंच नाव ओठांवर आलं, बाहेर पडलं ते —

"कमली..."

ती वळली. ओळखलं. हातातला चिकू तिनं खोक्यात नीट ठेवला.

"सर," ती म्हणाली, "अजून नक्कल करता?"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तीन वाक्यं होती, तीनही सोपी. मी पुन्हा तसाच हसलो, मुख्याध्यापकांपुढे हसलो होतो तसा. आणि विचारलं, "चिकू कसे दिले?"

"सुटं नाय देत, सर. होलसेल हं."

"बरं," म्हणालो आणि निघालो.

बोलताना गेलेला ळ लिहिताना मात्र हाताला सोडत नाही. वर इतके ळ लिहिले, एकही चुकला नाही. हे का, ते मला कुणी सांगू शकलेलं नाही. पण एका ठिकाणी तो मी आता मुद्दाम लिहीत नाही.

कमली, तुझं नाव कमलीच. मी चुकलो. ती नक्कल नव्हती. मला माफ कर.