वन्संचं शंभर मीटर

डोंबिवलीत आजवर जेवढ्या मुली धावल्या, त्या सगळ्या आपल्या मागेच धावल्या, असं आमच्या वन्संचं ठाम मत आहे. शाळेच्या जिन्यापाशी विक्रमांचा बोर्ड आहे. त्यावर ‘मुली, शंभर मीटर’ याच्यापुढे त्यांचं माहेरचं नाव आहे. त्या नाकीडोळी साधारण, अभ्यासात त्याहून साधारण; पण या एका ओळीवर आयुष्यभर ताठ मानेने जगल्या. सोसायटीची लिफ्ट उघडायच्या आत त्यांचा उजवा पाय पुढे असतो. लग्नात जेवणाच्या रांगेत त्या मला कोपराने ढोसून म्हणतात, “सुटायचं कधी ते कळलं पाहिजे गं!” दरवर्षी शाळेच्या स्पोर्ट्सना त्या माजी विद्यार्थिनी म्हणून पहिल्या रांगेत बसतात, पर्समध्ये स्वतःचं स्टॉपवॉच घेऊन. निघण्याआधी गणपतीला नमस्कार होतो. “कुणी पडू नये, एवढंच मागते,” असं त्या म्हणतात. पण कुणी बरी धावली की यांचा चेहरा उतरतो आणि “वारा मागून होता” हे ऐकावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी मैदानाच्या एका बाजूला शाळेची नवी इमारत उभी राहिली. पीटीचे सर हसत म्हणाले, “मॅडम, आता साठ मीटरच मावतं. तुमचं रेकॉर्ड आता कुणाच्या बापाला मोडता येणार नाही!” मला वाटलं, वन्सं पेढे वाटतील. तर त्या घरी येऊन जेवल्याच नाहीत. “बरं झालं की!” मी म्हटलं. “काय बरं? कुणी धावायचंच नाही, आणि मी आपली पहिली! जिवंतपणी फोटोला हार घातला गं माझ्या.”

मग त्यांनी मुख्याध्यापकांकडे इतक्या खेपा घातल्या, की शेवटी त्या बिचाऱ्यांनी कंटाळून परवानगी दिली. गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी मिनीबस करून आम्ही नववीच्या मुलींना ठाण्याच्या स्टेडियमवर नेलं. फीत धरायला अर्थातच मी. दिव्याहून लोकलने शाळेत येणारी एक किडकिडीत मुलगी वन्संपाशी आली. “काकू, रेकॉर्ड तुमचं हाय ना? मी तोडलं तर राग नाय ना येणार?”

“येणार! म्हणून जोरात पळ.”

पळाली ती, अशी की फीत माझ्या हातातून सुटली. सरांनी घड्याळ पाहिलं, वन्संकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “मॅडम, तुमच्या वेळेपेक्षा अगदी किंचित कमी आलंय. हातातलं घड्याळ, इकडेतिकडे होतंच. बरोबरी धरू या?” वन्संनी आपलं स्टॉपवॉच डोळ्यांजवळ नेलं.

“मोडलंय तिने,” त्या म्हणाल्या. “लिहा.”

परतताना त्या खिडकीशी बसल्या होत्या. माजिवड्याचा नाका मागे पडल्यावर म्हणाल्या, “आता मी काय म्हणून जायचं गं शाळेत?” मी नुसता त्यांचा हात धरला. तेवढ्यात ती मुलगी मागून धडपडत आली. “काकू, सर बोलतात माझा स्टार्ट लेट होतो. तुमचा कसा होता?”

वन्संनी पदर खोचला आणि चालत्या बसमध्ये, दोन सीटांच्या मधे, गुडघा टेकून बोटं जमिनीवर रोवली. ड्रायव्हर ओरडला, “ओ काकू, बसा ना खाली!” कोण ऐकतंय! त्या पडू नयेत म्हणून मी त्यांची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, त्यामुळे माझे डोळे पुसायचे राहूनच गेले.